खुर्चीखालचा हात

मंगळवार, ४ मार्च

शहाण्या,

आजीने तुला ठेवलेलं हे नाव मी मुद्दाम वापरते आहे. तुला राग आला तर येऊ दे. निदान काहीतरी येईल.

आजी गेल्यावर बाबांच्या फोनवर तुझा निरोप आला. तो त्यांनी मला एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून वाचून दाखवला. 'वाईट वाटलं. सगळ्यांनी काळजी घ्या. कामामुळे निघता येत नाही.' अरे, आपल्या दूधवाल्याने यापेक्षा बरं लिहिलं असतं. तो तर लिहीतही बसला नाही. दारात आला, पिशवी हातात घेऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "आता सकाळी मला उशीर झाला म्हणून ओरडणार कोण?" बाबा रडले. तुझा निरोप वाचून ते रडले नाहीत, फोन उशाशी ठेवून झोपून गेले.

फोन तू घेत नाहीस. घेतलास तर मीटिंगमध्ये असतोस. म्हणून हे पत्र. याला मीटिंगचं कारण सांगता येणार नाही.

कामाचं सांगते. महिनाअखेरच्या रविवारी प्रार्थनागृहात आजीच्या आठवणींची सभा आहे. व्यवस्थापक म्हणाले की घरातल्या कुणीतरी पानभर बोलावं. घरातलं कुणीतरी म्हणजे मी, हे तुला वेगळं सांगायला नको. बाबा बोलायला उभे राहिले की रडतात आणि आत्या उभी राहिली की बसत नाही.

मी दोघांना विचारलं, आजीबद्दल काय सांगू? बाबा म्हणाले, "फार कष्टाळू होती," आणि चष्मा शोधायला गेले. चष्मा डोक्यावर होता. आत्याने मात्र भडाभडा सांगितलं. आजी शांत होती, सोशिक होती, उभ्या जन्मात कुणाला उलट बोलली नाही. मी म्हटलं, "आत्या, कुणाबद्दल बोलतेयस?" तर म्हणे, "असंच बोलायचं असतं गं अशा वेळी."

शांत! जी बाई देवाशी तावातावाने भांडायची, ती शांत. पाय जमिनीला टेकत नव्हते त्या वयात ती खुर्च्यांच्या कारखान्यात वेत विणायला बसली, आणि पहिल्याच आठवड्यात मुकादमाला म्हणाली की तुम्ही चौकटीला वेताची भोकं वाकडी पाडलीत. तिथल्याच सुताराशी तिने लग्न केलं. आजोबा चौकट करायचे, ती बैठक विणायची. तीन मुलं झाली, त्यातला मधला गेला. पुढे आजोबा गेले, कारखाना बंद पडला, आपली आई गेली आणि आपण दोघं तिच्या अंगावर पडलो. या सगळ्यात तिचे हात काही थांबले नाहीत. आपण शाळेतून यायचो तेव्हा ती एखाद्या खुर्चीखाली उताणी पडलेली असायची आणि ओठ हलत असायचे. प्रार्थना तिथेच चालायची. मी विचारायचे, गुडघे टेकून का नाही करत? "खाली आहेच की मी," म्हणायची. "आणखी किती खाली जाऊ?"

तर तुला दोन कामं. एक, अर्धं पान लिहून पाठव. दुसरं, आठवडाभर आधी ये. प्रार्थनागृहातल्या तिने विणलेल्या खुर्च्या माळ्यावर टाकल्यात, त्या खाली काढून निदान पहिल्या दोन ओळी दुरुस्त करायच्या. लोक तिच्या खुर्च्यांवर बसून तिच्याबद्दल ऐकू देत, त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर नको. त्या कुणी आणल्या हे मी इथे लिहीत नाही. वरून घातलेला वेत खालून ओढायला दुसरा माणूस लागतो. बाबांचे हात थरथरतात आणि आत्या कधी शिकलीच नाही. राहिलो आपण दोघं.

आता लगेच तोंड वाकडं करू नकोस.

ताई


शनिवार, १५ मार्च

शहाण्या,

तुझं उत्तर मिळालं. पाकीट एवढं मोठं आणि आत दोन वाक्यं. 'ज्या आजीने माझी खुर्ची कापली तिच्याबद्दल मी काय लिहिणार? त्या दिवशी ती मला घराबाहेर काढत होती हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही.'

आहेस. इतका आहेस की मी दातांच्या दवाखान्यात, कामावर असताना हे वाचून हसले, आणि दाढ काढायला आलेला माणूस घाबरला. त्याला वाटलं मी त्यालाच हसतेय.

तुझी एकट्याचीच खुर्ची कापली होती का रे तिने? माझी किती वेळा कापली ते आठव. परीक्षेला न बसता बसले म्हणून सांगितलं तेव्हा. आत्याला तोंडावर ढोंगी म्हटलं तेव्हा, आणि ते खोटं नव्हतं म्हणून जास्तच. बाबांची कापली ते चोरून सिगारेट ओढायचे तेव्हा. आत्याचा नवरा तर लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला आला होता. त्याने आत्याला चारचौघांत 'तुला काय कळतं' म्हटलं. पुढच्या वेळी आला तर त्याच्या खुर्चीला बैठकच नव्हती, नुसती चौकट! बिचारा कपाटाला टेकून, ताट हातात धरून उभ्याने जेवला. आपण दोघं टेबलाखाली हसून लोळत होतो.

पुढे काय व्हायचं, तेही आठव ना. ज्याची खुर्ची कापली तो दोन-चार दिवस उभ्याने जेवायचा. मग केव्हातरी आजीला विचारायचा, "बसूया का?" की शनिवारी सकाळी तिने वेत भिजत घातलाच. ती वरून विणणार, ज्याची खुर्ची तो खाली. चूक कुणाची हा प्रश्नच नाही. खाली पडल्यावर तिचं तोंड दिसायचं नाही, भोकातून वेत खाली सोडणारी बोटं तेवढी दिसायची. म्हणून बोलता यायचं. परीक्षेचं मी तिथूनच सांगितलं. आत्याच्या नवऱ्याने तर तिथे पडून त्याच्या बापाच्या माराबद्दल सगळं सांगितलं, ते आत्यालासुद्धा आधी माहीत नव्हतं. संध्याकाळी बैठक तयार आणि भांडण संपलेलं. या घरात खुर्ची कापणं म्हणजे 'ये, बस माझ्याजवळ'. बाहेर काढायचं असतं तर तिने सुरीने एवढी मेहनत कशाला केली असती? खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवली असती!

आणि तू काय केलंस? कापलेली खुर्ची बघितलीस, बॅग भरलीस आणि सकाळी निघून गेलास. 'बसूया का' एवढे दोन शब्द तुझ्या तोंडातून फुटले नाहीत. सात वर्षं झाली. आम्हाला वाटलं, आठवडाभराने येईल. मग वाटलं, महिन्याने येईल.

तुझ्या खुर्चीची चौकट अजून स्वयंपाकघरात खिडकीपाशी आहे. मांजर त्यातून आरपार उडी मारतं. आत्या तिला टाकून देऊ म्हणाली तेव्हा आजीने दोन दिवस आत्याशी अबोला धरला.

एक सांगते, ते सभेत सांगणार नाही. गेली काही वर्षं आजी विसरायला लागली होती. शनिवारी सकाळी न्हाणीघरातल्या टबात वेत भिजत घालायची आणि विसरून जायची. अर्धा तास भिजवायचा असतो. जास्त भिजला की काळा पडतो आणि मग कामाचा राहत नाही. याच चुकीसाठी तिने आपल्या बोटांवर पट्टी मारली होती, आणि तीच बाई संध्याकाळपर्यंत वेत पाण्यात ठेवायची. मग ते काळं भेंडोळं पिळून कचऱ्यात टाकायची. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मला आठवड्यातून एकच सुट्टी. केस धुवायला जावं तर टब अडवलेला. मी चिडायचे, "आजी, अगं कोणती खुर्ची विणायची आहे तुला?" ती म्हणायची, "असू दे." या 'असू दे'ने माझं डोकं फिरायचं.

आता टब रिकामा असतो आणि केस धुवायचा मला कंटाळा येतो.

दोन आठवडे उरलेत. ये.

ताई


सोमवार, २४ मार्च

शहाण्या,

हे पत्र बसून वाच.

काल माळ्याची किल्ली मागायला व्यवस्थापकांकडे गेले. ते किल्ली शोधत होते आणि मी तुझा उद्धार करत होते. माझ्याच भावाने नोकरी लागल्या लागल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या इथे खपवल्या, आजीचं आयुष्यभराचं काम माळ्यावर फेकायला लावलं, वगैरे. त्यांनी खणातून डोकं वर काढलं.

"फेकायला? अहो, आजींनीच सांगितलं होतं घ्या म्हणून."

मी म्हटलं, "कोणत्या आजींनी?"

"तुमच्या! तुमचा भाऊ ऑर्डर मागायला आला, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय मी कसा हो म्हणणार? त्यांच्या खुर्च्या होत्या. मी घरी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, माझी बोटं आता वळत नाहीत, एवढ्या खुर्च्यांचं मला होणार नाही. मुलाचं पहिलं काम आहे, नाही म्हणू नका. फक्त मी हो म्हटल्याचं त्याला सांगू नका, तो आपण होऊन मला सांगेल."

तो आपण होऊन मला सांगेल.

व्यवस्थापक पुढेही बोलत होते, किल्ली मिळाली म्हणाले, मला पाणी हवं का विचारलं. मी तिथल्याच एका पांढऱ्या खुर्चीवर बसले. त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या खुर्च्या आल्यावर आजी दर आठवड्याला येऊन पहिल्या ओळीत बसायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "पाठीला बरी आहे. माझ्या नातवाची आहे."

आता तू आठव, तू जाण्याआधीच्या दिवसांत घरात काय चाललं होतं. ती तुला रोज ताटावर विचारत होती, "मग, काय विशेष कामावर?" मला वाटायचं, हिला काय हे नवीन. तू म्हणायचास, "काही नाही, नेहमीचंच." तोंडात गुळणी धरल्यासारखा जेवायचास आणि उठायचास. ती तुला संधी देत होती रे. रोज देत होती. तू तिला घाबरून लपवत राहिलास, आणि ज्या गोष्टीसाठी घाबरलास तिला तिने कधीच होकार देऊन टाकला होता. मग तिने तिला येत होतं ते केलं. खुर्ची कापली. राग प्लॅस्टिकचा नव्हता, लपवण्याचा होता. आणि तो तरी किती, एका शनिवारचा.

मग घरी आले आणि टबापाशी गेले. शहाण्या, ती विसरत नव्हती. तुझी गाडी दुपारी येते ना? सकाळी वेत घालून ठेवायची, तू आलास तर लगेच बसता यावं म्हणून. दुपार जायची, संध्याकाळ व्हायची, वेत काळा पडायचा. तिच्या हातून जी चूक कधी झाली नाही ती तिने तुझ्यापायी सात वर्षं जाणूनबुजून केली. आणि आम्ही घरात कुजबुजत होतो, म्हातारीचं आता काही खरं नाही.

तिने मला का नाही सांगितलं, याचाही मला राग आलाय. पत्र टाकायला काय झालं होतं तिला? तू तिचाच नातू आहेस. दोघंही आपण होऊन एक अक्षर बोलणार नाही, आणि मध्ये मी केस ओले करायला जागा शोधत फिरणार.

रविवारी सभा आहे. अजून वेळ आहे.

ताई


सोमवार, ३१ मार्च

तू आला नाहीस.

मी दारात उभी राहून सभा दहा मिनिटं लांबवली. व्यवस्थापक घड्याळ बघत होते, आत्या मला खुणा करत होती, मी रस्त्याकडे बघत होते. सांगायचं तर मला लाज वाटली. तुझी नाही, माझी, की मला खरंच वाटलं होतं तू येशील.

दोन ओळी राहू देत, माझ्याने एक खुर्ची झाली. वरून वेत घालायचा, मग वाकून खाली जायचं, ओढायचा, पुन्हा वर यायचं. पाठीचं पार लाकूड झालं. आणि खालून ओढायला कुणी नसलं की बैठक सैल राहते. तरी ती एक खुर्ची पहिल्या ओळीत ठेवली, कुणी बसणार नाही अशा बेताने. तर आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या आणि नेमक्या तिच्यावरच बसल्या. त्यांची तब्येत तुला माहीत आहे. सगळी सभा मी श्वास रोखून त्या बैठकीकडे बघत होते. करकरली, पण टिकली.

आत्याने भाषण लिहून दिलं होतं, सोशिक आणि शांत वगैरे. मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. ती आजीने मला एकदा माझी खुर्ची विणताना सांगितली होती.

मधला मुलगा गेला तेव्हा ती प्रार्थनागृहात गेली. दुपारची वेळ होती, आत कुणी नव्हतं. तिने पहिल्या ओळीतली मधली खुर्ची घेतली, तिनेच विणलेली, आणि सुरीने तिची बैठक कापून टाकली. देवाची खुर्ची कापली! म्हणाली, आमच्या घरात ज्याच्यावर राग त्याची खुर्ची कापतात, मग याची का नाही? पुढच्या शनिवारी वेत भिजवून घेऊन गेली आणि एकटीने ती पुन्हा विणली. मी तेव्हा खालूनच विचारलं होतं, "एकटीने? मग खालून वेत ओढला कुणी?"

भोकातून तिची बोटं थांबलेली मला दिसली. म्हणाली, "ज्याच्यावर चिडले होते त्यानेच."

हे मी माइकवर सांगितलं. आत्याने पदराने डोळे पुसले आणि बाहेर आल्यावर मला झाडलं, की असलं काही लोकांत सांगतात का. बाबा मात्र रडले नाहीत. ते उठले, त्या पहिल्या ओळीतल्या मधल्या जागेवरची पांढरी खुर्ची त्यांनी हाताने पुसली आणि परत येऊन बसले.

बाबा पुढच्या महिन्यात आत्याकडे राहायला जातायत. घर रिकामं करायचं आहे. तुझ्या चौकटीचं काय करायचं ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल, मी आता हात टेकले.

तुझी आठवण येते आणि त्याचाही मला संताप येतो. बस, एवढंच.

ताई


शनिवार, १२ एप्रिल

शहाण्या,

तुझं पत्र आलं. बाबांनी पाकीट हातात दिलं तेव्हा वाटलं, आता काहीतरी येईल. माफी येईल, निदान कारण येईल. उघडलं तर आत एकच ओळ.

'ताई, चौथी फेरी आधीच्या दोऱ्यांच्या वरून घ्यायची की खालून?'

मी ती ओळ उभ्यानेच वाचली आणि खाली बसले. म्हणजे तिकडे तुझ्या खोलीत कुठलीतरी चौकट आहे. म्हणजे कुठूनतरी वेत मिळवलास, भिजवलास, तीन फेऱ्या झाल्या आणि चौथीला अडकलास. तू पहिल्यापासून चौथीलाच अडकायचास. प्लॅस्टिकच्या खुर्च्या विकणारा माणूस संध्याकाळी दार लावून वेत विणतोय, आणि मला एवढ्या दिवसांत एका अक्षराने कळवत नाही. आजीने तुला उगाच नाव ठेवलं नव्हतं. एकाच वेळी तुला थोबाडीत मारावी आणि जवळ घ्यावं असं वाटलं. पत्रात दोन्ही करता येत नाही.

चौथी फेरी तिसरीच्या वरून आणि पहिलीच्या खालून. पण हे लिहून काही उपयोग नाही. ती हातानेच कळते, आणि खालच्या हाताशिवाय ताणही बसत नाही. तुझी एकट्याची बैठक सैल होणार, माझी झाली तशी.

आता माझी अडचण ऐक. मी तुझ्यावर चिडले आहे. आयुष्यात कुणावर चिडले नाही एवढी. न आल्याबद्दल, सात वर्षांबद्दल, तीन ओळींच्या त्या निरोपाबद्दल, त्या सगळ्या काळ्या पडलेल्या वेताबद्दल. या घराच्या रीतीने मला आज तुझी खुर्ची कापायची आहे. सुरी घेऊन स्वयंपाकघरात गेलेसुद्धा. तर तिथे कापायला आहेच काय! ती आजीने आधीच कापून ठेवली आहे. मांजर चौकटीत बसून माझ्याकडे बघत होतं. मला तुझ्यावर धड रागावतासुद्धा येत नाही.

तेव्हा आता असं कर. घराची किल्ली महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आहे. पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने ये. वेत मी तू दारात आल्यावरच भिजत घालीन, आधी नाही; आता आणखी वेत वाया घालवणार नाही. अर्धा तास तू बाबांशी बोल. मग मी वरून विणीन, तू खाली पड आणि मला सगळं सांग. मी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही.

संध्याकाळपर्यंत तुझी खुर्ची पुरी होईल, घट्ट, ताणलेली. तू तिच्यावर बसून जेव. जेवून उठलास की मी ती कापणार आहे.

ताई